पांढऱ्या माशीची नेमकी ओळख : सामायिक प्रयोगशाळेत डीएनए क्रमनिर्धारण सुरू करताना

२०१५ च्या खरिपात पंजाब आणि हरियाणातील कपाशीवर पांढऱ्या माशीचा मोठा उद्रेक झाला. फवारणीमागून फवारणी होऊनही कीड आटोक्यात येईना. अशा वेळी शेतात असलेली माशी नेमकी कोणती, हा प्रश्न केवळ वर्गीकरणशास्त्राचा राहत नाही. ‘बेमिसिया टॅबॅसी’ या एका नावाखाली चाळीसहून अधिक प्रजाती दडलेल्या आहेत. भिंगाखाली त्या सारख्याच दिसतात. मात्र यजमान पिके, विषाणू वाहून नेण्याची क्षमता आणि कीटकनाशकांना दाद देणे याबाबत त्यांच्यात फरक असतो. उत्तर भारतातील कपाशीवर ‘एशिया टू-१’ हा गट प्रामुख्याने आढळतो, तर १९९९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथे नोंदला गेलेला ‘बी’ गट बाहेरून आलेला आहे. डीएनए वाचल्याशिवाय हे गट वेगळे ओळखता येत नाहीत.

त्यासाठी प्रत्येक संस्थेने स्वतःचे यंत्र घेण्याची आवश्यकता नाही. दिल्ली परिसरात फरिदाबादच्या जैवतंत्रज्ञान संकुलातील सामायिक सुविधा बाहेरच्या संशोधकांनाही शुल्क आकारून उपलब्ध होतात. तथापि यंत्र दुसऱ्याचे असले, तरी प्रश्न आपला असावा लागतो. पांढऱ्या माशीचा गट ठरवण्यासाठी ‘सीओआय’ या एका जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा बहुधा पुरतो. सँगर पद्धतीच्या एका वाचनात सातशे-आठशे अक्षरे मिळतात. याउलट ‘बी’ गटाचा संपूर्ण जनुकसंच सुमारे ६१ कोटी ५० लाख अक्षरांचा आहे. केवळ गट जाणून घ्यायचा असताना संपूर्ण जनुकसंच वाचण्याचा प्रस्ताव मांडणे म्हणजे सातबाऱ्यावरील एक नोंद पाहण्यासाठी साऱ्या तालुक्याची नव्याने मोजणी करण्यासारखे आहे.

प्रकल्पाचे यशापयश मात्र बरेचसे शेतातच ठरते, आणि तेथे कृषी सहायक व शेतकरी यांचा हात असतो. माशी पकडल्याबरोबर ९५ टक्के किंवा त्याहून शुद्ध इथेनॉलमध्ये टाकावी. फॉर्मेलीन डीएनए निकामी करते, म्हणून ते वापरू नये. बाजारातील रंगीत स्पिरिटही टाळावे. कुपीतील चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि गाव, पीक, तारीख पुसली गेलेली कुपी कोणत्याही यंत्राला बोलती करता येत नाही. दिल्लीच्या मे-जूनच्या उन्हात सैल बुचातून इथेनॉल उडून जाते, म्हणून कुप्या सावलीत व शक्य तितक्या लवकर शीतपेटीत ठेवाव्यात. इथेनॉल ज्वलनशील असल्याने विमानाने पाठवण्यावर निर्बंध आहेत. नमुने कसे पाठवायचे, हे आधीच ठरवून घ्यावे.

एका माशीची लांबी जेमतेम एक मिलिमीटर, त्यामुळे डीएनए अत्यल्प मिळतो. म्हणून अनेक माश्या एकत्र कुटण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण एकाच झाडावर दोन गट असल्यास वाचन सरमिसळ होऊन येते. पिल्लांच्या बाबतीत आणखी एक फसगत संभवते. ‘एन्कार्सिया’सारख्या परोपजीवी मित्रकीटकाची अळी पिल्लाच्या आत वाढत असेल, तर माशीऐवजी त्या कीटकाचाच डीएनए वाचला जाऊ शकतो. त्यामुळे प्रौढ माश्या घ्याव्यात. सोबत कोषाचे कवच चिकटलेले पानही राखावे. पांढऱ्या माश्यांचे पारंपरिक वर्गीकरण त्या कवचावरच आधारलेले आहे आणि पुढे शंका उद्भवल्यास तोच पुरावा उरतो. पुसा येथील राष्ट्रीय कीटकसंग्रहाचे मोल अशा जपलेल्या नमुन्यांमुळेच आहे.

सामायिक प्रयोगशाळेशी पहिल्या बैठकीत काही गोष्टी लेखी ठरवून घेणे शहाणपणाचे. डीएनए कोण काढणार, वाचन दोन्ही दिशांनी होणार का, एखादा नमुना फसल्यास पुनर्वाचनाचा खर्च कोणाचा, उरलेला डीएनए परत मिळणार का? निकालाबरोबर मूळ आलेखाच्या फायलीही मागाव्यात. नुसत्या अक्षरांच्या ओळीवरून वाचन स्वच्छ होते की धूसर, हे कळत नाही. प्रत्येक तुकडीत माशीचा डीएनए न घातलेली एक कोरी नळी असावी. तिच्यातूनही उत्तर आले, तर कोठेतरी मिसळ झाली आहे असे समजावे. शंभर नमुने एकदम सोपवण्यापूर्वी आठ-दहा नमुन्यांची चाचणी करावी. त्यात जाणारे दोन आठवडे पुढे हंगाम वाचवतात.

निकाल वाचतानाही सावधगिरी हवी. सार्वजनिक संग्रहात चुकीच्या नावाने ठेवलेले आणि जनुकाच्या निकामी प्रतींचे क्रमही आढळतात, त्यामुळे पहिल्याच जुळणीवर शिक्का मारू नये. २०१८ मध्ये भारतात आलेल्या अमेरिकन लष्करी अळीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. ‘सीओआय’ जनुकानुसार येथील अनेक अळ्या ‘भात’ गटात गेल्या, परंतु नुकसान होत होते मक्याचे. ‘टीपीआय’ हे दुसरे जनुक पाहिल्यावर बहुतेक अळ्यांचे नाते ‘मका’ गटाशी जुळले. ‘सीओआय’ केवळ आईकडून येते, म्हणून संकराची कथा ते अर्धीच सांगते. पांढऱ्या माशीच्या बाबतीतही गटाची ओळख पटली म्हणजे कोणते औषध लागू पडेल हे आपोआप कळत नाही. त्यासाठी त्याच शेतातील जिवंत माश्यांवर प्रतिकारक्षमतेची चाचणी घ्यावी लागते. म्हणून ज्या दिवशी कुप्या भरायच्या, त्याच दिवशी काही माश्या पानांसह पिंजऱ्यात जिवंतही आणाव्यात.