मोठी बॅटरी शाबूत, तरी गाडी ठप्प

जूनचा पहिला आठवडा. होस्टेलवर आम्ही केटीवाले सातजण आणि बाहेर वसईचा पाऊस. सकाळी साडेसहाला वॉचमनकाका वर आले, "इलेक्ट्रिकलवाला कोण आहे रे? मॅडमची गाडी चालू होत नाहीये."

खाली गेलो. क्वार्टर्सच्या पोर्चमध्ये गणिताच्या मॅडम उभ्या, शेजारी खुर्चीवर त्यांच्या सासूबाई. आजींची अँजिओग्राफी होती. साडेनऊला बोरीवलीला पोचायचं होतं. विरार लोकलच्या त्या वेळच्या गर्दीत आजींना चढवणार कोण? गाडी मे महिन्यात मॅडम गावी गेल्यापासून पंचवीस दिवस जागची हलली नव्हती. बटण दाबलं तर डॅशबोर्डवर अंधार. रिमोटनेही दार उघडेना, पण त्या रिमोटच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली लपलेली असते, तिने उघडलं.

मी ऐटीत म्हणालो, "मॅडम, हायब्रिड आहे ना? एवढी मोठी बॅटरी असताना बॅटरी डाऊन कशी होईल?" मेकॅनिकलचा मित्र म्हणाला, "धक्का मारू, सेकंडला टाकू." आम्ही दोघंही चुकलो होतो.

हायब्रिड गाडीत बॅटऱ्या दोन असतात. मोठी असते ती चाकं फिरवणाऱ्या मोटरसाठी. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसची दुसरी पिढी घ्या: २८ मोड्यूल, प्रत्येकात १.२ व्होल्टचे ६ सेल, म्हणजे २०१.६ व्होल्ट. दुसरी असते साधी १२ व्होल्टची लेड-ॲसिड, आपल्या ओळखीची. गाडी बंद केली की मोठी बॅटरी रिलेने बाकीच्या गाडीपासून तोडली जाते. अपघात झाला किंवा कोणी दुरुस्तीला हात घातला, तर दोनशे व्होल्ट मोकळे फिरू नयेत म्हणून. आता गंमत बघा. तो रिले ओढायला आणि गाडीतले कॉम्प्युटर जागे करायला लागतात बारा व्होल्ट. कपाटात पैसे आहेत, किल्लीही आहे, पण किल्ली हातात घेणारा माणूसच झोपलाय! धक्क्याचाही उपयोग नाही. इथे क्लच सोडून इंजिन फिरवायची सोयच नसते. इंजिन फिरवते मोठ्या बॅटरीवरची मोटर, आणि तिला हुकूम देणारा कॉम्प्युटर बंद. पुढची चाकं जमिनीवर ठेवून गाडी ओढत नेणं तर आणखी वाईट, कारण फिरणारी मोटर जनरेटर बनते.

मग लहान बॅटरी संपली कशाने? उभ्या गाडीतही अलार्म आणि किल्लीची चाहूल घेणारा रिसीव्हर थोडा करंट खातच असतात. तो ३० मिलिअँपिअर धरा. ०.०३ × २४ × २५ म्हणजे १८ अँपिअर-अवर. नवी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तग धरेल, पण मॅडमची चार वर्षांची होती. लॅबमधून आणलेल्या मल्टिमीटरवर ६.८ व्होल्ट आले. भरलेली असती तर १२.६ दिसले असते.

कँटीनवाल्या काकांची ओम्नी शेजारी लावली. जंपर केबलही त्यांचीच. ओम्नीच्या टर्मिनलवर पांढरा थर साचलेला, खुणा दिसेनात, दोन्ही वायरी काळ्या पडलेल्या. मी अंदाजाने लाल चिमटा उचलला. मित्राने हात धरला, "आधी मीटर लाव." लावला तर आकड्याआधी वजा! चिमटा उलटा बसला असता तर निदान मेन फ्यूज गेला असता, कदाचित कन्व्हर्टरही, आणि त्याचा खर्च माझ्या वर्षाच्या फीपेक्षा कमी नसता. त्या मित्राला मी अजून चहा पाजतो.

क्रम असा: लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या धनाला, मग ओम्नीच्या धनाला. काळा ओम्नीच्या ऋणाला आणि शेवटचा काळा हायब्रिडच्या इंजिनजवळच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. ठिणगी उडालीच तर बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ नको. काही गाड्यांत ही बॅटरी डिकीत असते, आणि डिकीचं कुलूप विजेवर! म्हणून बॉनेटखाली फ्यूजबॉक्समध्ये वेगळं धन टर्मिनल दिलेलं असतं. नारिंगी केबलींना मात्र हात लावायचा नाही, गाडी बंद असली तरी. त्या मोठ्या बॅटरीच्या. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपाऱ्यात साचलं तसं पाणी गाडीत शिरलं असेल, तर यातलं काहीच करू नका, सर्व्हिसवाल्यांना बोलवा.

पाच मिनिटं ओम्नी चालू ठेवली. मॅडमनी ब्रेक दाबून बटण दाबलं आणि 'रेडी' दिसलं. चिमटे उलट्या क्रमाने काढले. काका म्हणाले, "आता माझी बंद पडली तर तुमची द्या." नाही देता येत, काका. ओम्नीने फक्त कॉम्प्युटर जागे केले, पण साध्या गाडीच्या स्टार्टरला शंभराहून जास्त अँपिअर लागतात. तेवढा भार हायब्रिडच्या लहान बॅटरीवर टाकू नये.

"बोरीवलीपर्यंत गाडी बंद करू नका," मी बजावलं. पाऊण तासाने मॅडमचा फोन. वर्सोवा पुलाच्या कोंडीत अडकलेल्या, आवाज रडवेला, "अरे, इंजिन बंद पडलं!"

"मॅडम, रेडी दिसतंय का?"

"दिसतंय."

"मग बंद नाही पडलेली."

रेडी असेपर्यंत रिले जोडलेला असतो. मोठ्या बॅटरीचे दोनशे व्होल्ट चौदाच्या आसपास उतरवून कन्व्हर्टर लहान बॅटरी भरत राहतो, इंजिन फिरो न फिरो. इथे अल्टरनेटरचं काम तोच करतो. रेडी न करता नुसती गाणी ऐकत बसलात तर मात्र सगळा भार लहानीवर.

साडेनऊला दहा मिनिटं असताना मॅडमचा मेसेज आला, "पोचलो." दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसवली. माझी केटी गणिताचीच होती, पण त्याबद्दल मॅडम काही बोलल्या नाहीत.