करडईच्या दाण्यातील तेल : अनुवंश आणि उतारा

बाजारात करडई वजनावर विकली जाते. तेलगिरणीत मात्र तिचा कस उताऱ्यावर ठरतो. सोलापूर, धाराशिव, परभणी यांसारख्या जिल्ह्यांत रब्बी हंगामात जमिनीतील ओलीवर येणाऱ्या या पिकाच्या दाण्यात तेल किती भरावे हे बऱ्याच अंशी अनुवंशाने ठरते. ते कसे ठरते हे पाहण्यासाठी प्रथम दाणा फोडून पाहावयास हवा.

व्यवहारात ज्यास करडईचे बी म्हणतात ते शास्त्रदृष्ट्या फळ होय. बाहेर कठीण टरफल व आत मगज. तेल जवळजवळ सर्व मगजात असते. समजा, १०० ग्रॅम दाण्यांत निम्मे टरफल आहे व मगजात शेकडा ६० तेल आहे. तर उतारा ३० ग्रॅम पडेल. मगज तसाच राहून टरफल ३५ ग्रॅमवर आले, तर तोच उतारा ३९ ग्रॅम होतो. म्हणूनच संशोधकांचे लक्ष प्रथम टरफलाकडे गेले.

येथे एक गंमत आहे व ती विद्यार्थ्यांना सांगण्याजोगी आहे. टरफल हे मातृवृक्षाचे अंग. मगज मात्र माता व पिता या दोघांपासून झालेल्या नव्या पिढीचा. पातळ टरफलाचा गुण अप्रभावी जनुकावर अवलंबून असतो. पातळ टरफलाच्या झाडावर नेहमीच्या वाणाचे पराग घातले, तर त्यावर धरणारे दाणे पातळच दिसतात. पण तेच पेरले असता येणाऱ्या झाडांचे दाणे जाड टरफलाचे निघतात. त्यापुढील पिढीत सुमारे चौथा हिस्सा झाडे पातळ टरफलाची मिळतात. डोळ्यांना दिसणारे टरफल एक पिढी मागचे असते, हे विसरल्यास निवड फसते.

अमेरिकेत पी. एफ. नोल्स यांच्या अभ्यासात या जनुकाची दुसरी बाजूही दिसली. अशा झाडांचे परागकोश वेळेवर उघडत नाहीत, त्यामुळे दाणा कमी धरतो. हा दोष संकराच्या कामी उपयोगी पडला, तरी शेतकऱ्याच्या वाणास तो परवडणारा नव्हे.

मगजातील तेलाचे प्रमाण एका जनुकाच्या हाती नसते; अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा त्यात असतो. तेलाचा प्रकार ही गोष्ट मात्र निराळी. नेहमीच्या करडई तेलात सुमारे तीनचतुर्थांश लिनोलिक आम्ल असते. एक अप्रभावी जनुक दोन्हीकडून आले की त्याची जागा बहुतांशी ओलेइक आम्ल घेते. हे जनुक भारतातून परदेशी गेलेल्या बियाण्यात आढळले आणि त्यातून १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात 'यूसी-१' हा वाण निघाला.

हवामानही हिशेब बदलते. टरफल आधी तयार होते, मगज नंतर भरतो. दाणे भरताना ओल तुटली की मगज पोचट राहतो व चांगल्या वाणाचाही उतारा घसरतो. यास्तव दोन वाणांची तुलना एकाच शेतात, एकाच हंगामात व्हावयास हवी.

पंचायतीच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर उताऱ्याचा आकडा सांगितला जातो, तेव्हा उत्पन्नाचा आकडाही मागून घ्यावा. समजा, एका वाणाचे एकरी ५ क्विंटल उत्पन्न व शेकडा ३० तेल आहे. त्याचे १५० किलो तेल होते. दुसऱ्याचे उत्पन्न ४ क्विंटल व तेल शेकडा ३५. त्याचे १४० किलोच. शिवाय भाव वजनावर मिळत असेल, तर दुसरा वाण लावणाऱ्याच्या पदरात एक क्विंटलाचे पैसे कमी पडतात आणि जादा उताऱ्याचा लाभ गिरणीकडे जातो.