कोंड्याचे मोल

दळण आणावे, ते चाळणीने चाळावे, कोंडा गुरांपुढे टाकावा आणि पांढरेशुभ्र पीठ तेवढे माणसांसाठी ठेवावे, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, या व्यवहारात तोटा कोणाचा होतो, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. पीठ जितके पांढरे तितके अन्न उंची, असा समज सर्वत्र रूढ आहे. ‘कोंड्याचा मांडा’ करून संसार चालविणाऱ्या गृहिणीची आपण वाखाणणी करतो, ती तिच्या काटकसरीची, कोंड्याची नव्हे. या टाकाऊ मानलेल्या वस्तूविषयी शास्त्र काय सांगते, हे समजून घेण्यासाठी प्रथम अन्नाचा आपल्या पोटातील प्रवास पाहू.

तोंडात घातलेला घास जठरातून लहान आतड्यात उतरतो. सुमारे सहा मीटर लांबीच्या या नळीत पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे पचन होऊन त्यांचे सत्त्व रक्तात शोषले जाते. परंतु धान्याची साल, डाळींची टरफले, भाज्यांचे देठ व फळांचा गर यांत असा काही अंश असतो की, त्यावर आपल्या पाचक रसांची मात्रा चालत नाही. यालाच चोथा किंवा तंतुमय पदार्थ म्हणतात. तो न पचता सुमारे दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात जातो. जे पचत नाही त्याचा शरीराला उपयोग तो काय, असे वाटणे साहजिक आहे. आणि पुष्कळ काळ विद्वानांचेही मत तसेच होते.

या मताला धक्का दिला तो डॉक्टरांच्या प्रत्यक्ष अनुभवाने. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलातील डॉक्टर क्लीव्ह यांनी युद्धनौकेवरील बद्धकोष्ठाने त्रासलेल्या खलाशांना गव्हाचा कच्चा कोंडा खाऊ घालून बरे केले. पुढे डेनिस बर्किट या शस्त्रवैद्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्यांनी आफ्रिकेतील युगांडात सुमारे वीस वर्षे काम केले होते. इंग्लंडमधील रुग्णालयांत नित्य आढळणारे आंत्रपुच्छाचा दाह, मूळव्याध, मोठ्या आतड्याचा कर्करोग इत्यादी विकार तेथील खेड्यांत क्वचितच दिसत. मग त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. क्ष-किरणांत दिसतील अशा बारीक गोळ्या लोकांना गिळावयास देऊन त्या शरीराबाहेर पडण्यास किती वेळ लागतो, हे मोजले. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाप्रमाणे युगांडातील खेडुतांच्या पोटातून अन्न सुमारे दीड दिवसात बाहेर पडे. ब्रिटिश खलाशांना त्यासाठी तीन दिवसांहून अधिक काळ लागे. खेडुतांच्या मलाचे वजनही चौपटीहून अधिक भरले. चोथा पाणी धरून ठेवतो. त्यामुळे मल मऊ राहतो, आतड्यावर ताण पडत नाही आणि घाण फार काळ साचून राहत नाही, असा याचा अर्थ बर्किट यांनी लावला.

चिकित्सक वाचक येथे एक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. युगांडाचा खेडूत व इंग्लंडचा नागरिक यांत केवळ अन्नाचा भेद नाही. हवा, श्रम, आयुर्मान, रोगनिदानाच्या सोयी, सारेच निराळे. तेव्हा दोन देशांच्या तुलनेवरून चोथ्यालाच सारे श्रेय देता येत नाही. त्यासाठी माणसे तीच ठेवून अन्न तेवढे बदलून पाहावयास हवे.

असा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील वीस कृष्णवर्णीय नागरिक आणि दक्षिण आफ्रिकेतील वीस ग्रामस्थ यांनी दोन आठवडे परस्परांचा आहार घेतला. अमेरिकनांना भरपूर चोथ्याचे व अल्प चरबीचे अन्न मिळाले. ग्रामस्थांना मांस व चरबी अधिक आणि चोथा कमी. एवढ्या अल्पकाळातच अमेरिकनांच्या आतड्यातील दाहाची लक्षणे घटली व ग्रामस्थांची वाढली. दोन आठवड्यांत कर्करोग होत नाही वा टळतही नाही, हे खरे. पण आतड्याची स्थिती अन्नाबरोबर किती त्वरेने पालटते, हे यावरून स्पष्ट झाले.

हे कसे घडते? आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणू वस्ती करून असतात. आपण जे पचवू शकत नाही, ते त्यांचे खाद्य. चोथा आंबवून ते काही आम्ले तयार करतात. त्यांपैकी ब्यूटिरिक आम्लावर आतड्याच्या अस्तरातील पेशींचे बव्हंशी पोषण चालते व दाहालाही आळा बसतो. वरील प्रयोगात अमेरिकनांच्या आतड्यातील या आम्लाचे प्रमाण सुमारे अडीचपट झाले, तर ग्रामस्थांचे निम्म्यावर आले. म्हणजे कोंडा टाकणारा मनुष्य आपल्याच घरच्या सेवकांना उपाशी ठेवतो.

विद्यार्थीमित्रांनो, आता थोडे गणित करू. दहा वर्षांवरील प्रत्येकाच्या आहारात दररोज निदान २५ ग्रॅम चोथा असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. आपल्या हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, बाजरीत व गव्हाच्या कणकेत ११ ग्रॅम, तर पांढऱ्या तांदळात व मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम चोथा असतो. अख्ख्या हरभऱ्यात तो २५ ग्रॅमपर्यंत भरतो. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या भाकरी आणि ५० ग्रॅम हरभऱ्याची उसळ खाणाऱ्यास ३२ ग्रॅम चोथा मिळेल. तितक्याच वजनाचा मैदा खाणाऱ्यास अवघा सात-साडेसात ग्रॅम. मधल्या सुट्टीत पाव व बिस्किटे यांवर भूक भागविणाऱ्याने आपला हिशेब स्वतःच करून पाहावा.

मात्र कोणतीही गोष्ट अतिरेकाने करू नये. चोथा एकाएकी वाढविल्यास पोट फुगते; तो हळूहळू वाढवावा व पाणी पुरेसे प्यावे. ज्यांना आतड्याचा विकार आहे, त्यांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा. आणि शौचावाटे रक्त पडत असल्यास केवळ भाकरीवर भरवसा ठेवून न बसता त्वरित तपासणी करून घ्यावी. चोथा हे सर्व रोगांवरील औषध नव्हे. ते नित्याचे अन्न आहे, आणि आपल्याकडे ते महागही नाही. ज्वारी, बाजरी, उसळी व पालेभाज्या यांनी भरलेले ताट गरिबीचे लक्षण मानून कोणी लाजू नये. त्या ताटाला आता शास्त्राचाही आधार आहे.