वाद, व्यभिचार आणि तत्त्वनिर्णय

शास्त्रचर्चेत दोन पक्ष समोरासमोर येतात, तेव्हा दोघांचीही दृष्टी ग्रंथावरच असते. परंतु प्रत्येकास त्यात आपल्या मताचे वचन प्रथम दिसते. प्रतिकूल वचन डोळ्यांसमोर असूनही ते ‘प्रासंगिक’ म्हणून बाजूस सारले जाते. यात कपट असतेच असे नाही. गृहीत मताला पोषक तेवढेच वेचणे हा मनाचा स्वभाव आहे, आणि तत्त्वनिर्णयातील तो मोठा अंतराय होय.

लंडन येथील मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या स्वभावावर प्रकाश टाकतो. २९ विद्यार्थ्यांस ‘२, ४, ६’ हे अंक देऊन, स्वतः तीन-तीन अंक सुचवीत त्यांमागील नियम शोधावयास सांगितले होते. अनेकांनी ‘दोन-दोनांनी वाढणारे अंक’ असा नियम मनाशी योजून ‘८, १०, १२’ यासारखी अनुकूल उदाहरणेच विचारली. होकार मिळत गेले, निश्चय दृढ झाला, आणि निर्णय मात्र चुकला. खरा नियम ‘चढते अंक’ एवढाच होता. पहिल्याच निवेदनात तो अचूक सांगणारे केवळ ६ निघाले. ‘१, २, ३’ असे स्वमताविरुद्ध उदाहरण विचारले असते, तर भ्रम तत्काळ फिटला असता.

न्यायशास्त्राने हे मर्म पूर्वीच ओळखले होते. जेथे अग्नी तेथे धूर, असा नियम कोणी मांडला, तर स्वयंपाकघर, यज्ञशाळा अशी अनुकूल उदाहरणे कितीही देता येतील. परंतु तापलेला लोहगोल पुढे येताच नियम मोडतो. तेथे अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओल्या इंधनाचा संयोग लागतो, हेही तेव्हाच कळते. नियम मोडणाऱ्या अशा उदाहरणास ‘व्यभिचार’ म्हणतात. केवळ सहचार पाहून व्याप्ती सिद्ध होत नाही. व्यभिचाराचा शोध घ्यावा लागतो. गौतमाच्या न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा हा भेद याचसाठी आहे. वाद तत्त्वासाठी, जल्प विजयासाठी. वितंडेत तर स्वपक्षाची स्थापनाही नसते.

म्हाइंभट्टांचे उदाहरण येथे मननीय आहे. विद्येचा अभिमान घेऊन ते डोमेग्रामी सर्वज्ञांच्या दर्शनास आले आणि तेथे तो अभिमान गळाला. पुढे लीळा संकलित करताना त्यांनी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन विचारणा केली व नागदेवाचार्यांकडून त्या पडताळून घेतल्या. लीळाचरित्राच्या पोथ्यांत भिन्न शोध व पाठ नोंदलेले आढळतात. न जुळणारे तेही जपून ठेवावे, हा यातील बोध होय.

येथे शंका संभवते : प्रतिकूलाचा शोध घेतल्याने श्रद्धा शिथिल होणार नाही काय? उत्तर असे की, श्रद्धेचा विषय वचन आहे. वचनाचा आपण लावलेला अर्थ नव्हे. अर्थाची परीक्षा टाळणारा वचनाचे नव्हे, स्वतःच्या मताचेच रक्षण करीत असतो.

म्हणून जिज्ञासूने तीन नियम पाळावेत. पूर्वपक्ष असा मांडावा की प्रतिपक्षाने ‘हेच माझे म्हणणे’ असे मान्य करावे. अनुकूल वचनापूर्वी प्रतिकूल वचन शोधावे. आणि कोणते प्रमाण मिळाल्यास आपण आपला अर्थ सोडू, हे चर्चेपूर्वीच ठरवावे. ज्यास हे सांगता येत नाही, त्याने वादास बसण्यापूर्वी आपला हेतू तपासावा.