किल्ला कोठून पडतो?

मुलांनो, दिवाळीच्या सुटीआधी युरोपातील किल्ल्यांची माहिती सांगताना मी म्हणालो होतो, "भिंती बारा-बारा फूट जाड असत, पण शत्रू मोठमोठे दगड फेकून त्या पाडी." तेव्हा पाचवीतील एका मुलीने विचारले, "गुरुजी, एवढी जाड भिंत नुसते दगड मारून कशी पडंल?" मला नीट उत्तर देता आले नाही. "दगडच तसे मोठे असायचे," असे म्हणून मी वेळ मारून नेली. हे काही बरे केले नाही. सुटीत मी वाचन केले. आता तिचे उत्तर सर्वांसाठी इथे लिहितो.

किल्ला घेण्याचे मार्ग असे होते. तटाला शिड्या लावून वर चढायचे. जाड ओंडक्याने दरवाजा फोडायचा. दगडफेकीच्या यंत्रांनी मारा करायचा. तुम्ही शेतात पाखरं हाकायला गोफण फिरवता ना, तशीच पण घराएवढी गोफण समजा. तिने माणसे मरत, छपरे फुटत, कधी कच्चा तटही ढासळे. पण चांगली जाड भिंत असली, तर वेगळीच युक्ती करावी लागे.

ती युक्ती इंग्लंडमधील रॉचेस्टरच्या किल्ल्यावर पाहू. डोव्हर बंदराहून लंडनला जाणाऱ्या रस्त्यावर, मेडवे नदीच्या काठी हा किल्ला आहे. त्याचा बालेकिल्ला म्हणजे सुमारे ११३ फूट उंच असा चौकोनी दगडी मनोरा. इ. स. १२१५ च्या जून महिन्यात राजा जॉन याने सरदारांचे हक्क मान्य करणारी 'मॅग्ना कार्टा' ही सनद दिली आणि थोड्याच दिवसांत शब्द फिरवला. सरदार चिडले. ऑक्टोबरमध्ये त्यांनी रॉचेस्टरचा किल्ला ताब्यात घेतला. राजाने लगेच वेढा घातला. लंडनहून मदत येऊ नये म्हणून नदीवरचा पूल तोडला.

यंत्रांमधून दगडांचा मारा सुरू झाला. बालेकिल्ला काही पडेना. पण राजाने आधीच कँटरबरी गावाला हुकूम धाडला होता, की रात्रंदिवस काम करून होतील तेवढ्या कुदळी बनवा आणि पाठवा. कुदळी कशाला? तर भिंतीखालची माती काढायला!

मजूर मनोऱ्याच्या एका कोपऱ्याखाली भुयार खणू लागले. वरची भिंत त्यांच्याच डोक्यावर पडू नये म्हणून ते लाकडाचे टेकू देत जात. भुयार पुरे झाल्यावर टेकू जाळायचे, म्हणजे आधार गेला की भिंत आपोआप खाली! त्या काळी इंग्लंडात तोफेची दारू नव्हती. म्हणून २५ नोव्हेंबरला राजाने आपला मुख्य कारभारी ह्यूबर्ट डी बर्ग याला लिहिले, की चाळीस डुकरे पाठवा. खायला बरी नसली तरी चालतील, पण चरबी भरपूर हवी. चरबीने आग भडकली, टेकू जळाले आणि मनोऱ्याचा एक कोपरा धडाधडा कोसळला.

तरीही किल्ला पडला नाही! मनोऱ्याच्या आत मधोमध एक आडवी भिंत होती. आतले लोक तिच्यामागे गेले आणि लढत राहिले. पण कोठारातले धान्य संपले होते. ते घोड्यांचे मांस आणि पाणी यांवर दिवस काढू लागले. शेवटी ३० नोव्हेंबरला, सुमारे सात आठवड्यांनी, त्यांनी शरणागती पत्करली.

आपल्याकडे इ. स. १६६० मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या भुईकोटाचा बुरूज असाच खालून उडवला. मात्र तिथे सुरुंगात दारू भरली होती. फिरंगोजी नरसाळ्याने तो किल्ला दीड महिन्याहून अधिक काळ झुंजवला होता, हे तुम्हाला माहीत आहेच.

रॉचेस्टरचा पडलेला कोपरा पुढे पुन्हा बांधला, पण गोल. चौकोनी कोपरा दोन्ही बाजूंनी पोखरता येतो. गोल बुरूज तसा सहज हाती लागत नाही. आजही त्या मनोऱ्याचे तीन कोपरे चौकोनी आणि एक गोल दिसतो. झालेली चूक तिथे दगडातच दुरुस्त केलेली आहे. मीही माझी चूक इथे दुरुस्त करतो. किल्ल्याला दोन पाये असतात. एक जमिनीत आणि दुसरा धान्याच्या कोठारात. हे दोन्ही जोवर भक्कम, तोवर नुसत्या दगडांना भिंत दाद देत नाही.

करून पाहा : दिवाळीत केलेल्या मातीच्या किल्ल्याचा एक कोपरा खालून हळूहळू पोखरा. पोखरताना काटक्यांचे टेकू द्या. मग एकेक काटकी काढा. कितव्या काटकीला कोपरा पडला, ते वहीत लिहा. (आग मात्र लावायची नाही!)

विचार करा :
१. किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक असला, तर भुयार खणणाऱ्यांना कोणती अडचण येईल?
२. रॉचेस्टरच्या कोठारात आणखी दोन महिन्यांचे धान्य असते, तर काय झाले असते?