पडद्याआडचा खर्च

ज्या घरात जमाखर्चाची वही नेमाने लिहिली जाते, त्या घरात 'पैसा गेला कोठे?' हा प्रश्न सहसा पडत नाही. मोठे खर्च सर्वांच्या स्मरणात असतात. परंतु किरकोळ आणि वारंवार होणारे खर्च ध्यानात राहत नाहीत, आणि महिनाअखेरीस तेच हात रिकामा करतात. मोबाईलच्या बॅटरीचेही असेच आहे. पडदा उजळून आपण चित्रपट पाहतो, तेव्हा वीज खर्च होणार हे आपणांस ठाऊक असते. पण मोबाईल फडताळात ठेवलेला असतानाही ती कमी झाली, तर मनुष्य बुचकळ्यात पडतो.

हा खर्च कोण करतो? निरनिराळ्या कामांसाठी मोबाईलमध्ये जे कार्यक्रम घातलेले असतात, त्यांना ॲप म्हणतात. आपण एक ॲप पाहत असतो, त्या वेळी इतर काही ॲप पडद्याआड आपापली कामे करीत असतात. कोणी नवा संदेश आणते, कोणी छायाचित्रांची प्रत दूरच्या संगणकात ठेवते, तर कोणी आपण कोठे आहोत याची नोंद घेते. ही कामे पुष्कळदा उपयोगाचीच असतात. ती झाली नसती, तर परगावाहून आलेला निरोप आपल्याला वेळेवर कळला नसता. म्हणून पडद्याआडचे प्रत्येक काम म्हणजे उधळपट्टी, असे समजणे योग्य नव्हे.

उधळपट्टी केव्हा होते, हे कळण्यासाठी मोबाईलची झोप समजून घेतली पाहिजे. पडदा मालवल्यावर थोड्याच वेळात प्रोसेसर, म्हणजे मोबाईलमधील गणिते करणारा मुख्य भाग, झोपी जातो व अगदी थोड्या विजेवर राहतो. एखाद्या ॲपला काम निघाले की ते त्याला जागे करते. काम संपताच त्याने प्रोसेसरला पुन्हा झोपू द्यावे, असा शिष्टाचार आहे. जे ॲप तो पाळीत नाही, ते बॅटरी लुटते. संदेश पाठवणाऱ्या रेडिओचीही गोष्ट तशीच. मोबाईलच्या जाळ्यावर चार अक्षरे पाठवली, तरी तो काही सेकंद जागाच राहतो. म्हणून दहा निरोप दहा फेऱ्यांत पाठवण्यापेक्षा एकाच फेरीत पाठवणे स्वस्त पडते. मिठासाठी एकदा आणि तेलासाठी पुन्हा एकदा बाजारात जाणाऱ्याचे पाय दुखतात, त्यातलाच हा प्रकार.

समजा, एका बॅटरीत ५००० मिलीअँपिअर-तास इतका साठा आहे. झोपलेला मोबाईल सरासरी १० मिलीअँपिअर प्रवाह घेत असेल, तर आठ तासांच्या रात्रीत ८० मिलीअँपिअर-तास, म्हणजे शेकडा दोनहूनही कमी साठा खर्च होईल. परंतु एका ॲपने प्रोसेसर रात्रभर जागा ठेवला आणि प्रवाह २०० मिलीअँपिअर झाला, तर शेकडा ३२ साठा सकाळपूर्वीच नाहीसा होईल.

असा प्रसंग खरोखरच घडला आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये आयफोनसाठी आयओएस ९ ही प्रणाली आली. प्रत्येक ॲप पडद्यावर किती वेळ चालले आणि पडद्याआड किती वेळ चालले, हे तिच्या बॅटरीच्या पानावर पाहता येऊ लागले. ऑक्टोबरमध्ये अनेकांच्या लक्षात आले की, फेसबुकचे ॲप आपण उघडले नसतानाही पडद्याआड दीर्घकाळ जागे असते. तक्रारी वाढल्या, तेव्हा कंपनीने तपास करून दोष जाहीरपणे मान्य केले. पहिला दोष असा की, जाळ्याशी संपर्क साधणाऱ्या भागात प्रोसेसर एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारीत राहत होता. प्रवासात 'आले का गाव?' असे घडोघडी विचारणाऱ्या मुलाची उपमा कंपनीने त्याला दिली. विचारल्याने गाव काही लवकर येत नाही! दुसरा दोष असा की, चलच्चित्र पाहून बाहेर पडल्यावरही ध्वनीची व्यवस्था बंद होत नव्हती. त्यामुळे ॲप जणू नि:शब्द गाणे वाजवीत जागे राहत होते. पुढे काही दुरुस्त्या केलेली आवृत्ती देण्यात आली. लोकांजवळ आकडे नसते, तर त्यांची तक्रार ही केवळ कुरकुर ठरली असती.

त्याच वर्षी अँड्रॉइड ६ या प्रणालीत 'डोझ', म्हणजे डुलकी, नावाची योजना आली. पडदा मालवलेला असून मोबाईल बराच वेळ स्थिर पडून असला व तो चार्जिंगला लावलेला नसला, तर ही योजना ॲपची कामे थोपवून धरते. मधूनमधून ती थोडा वेळ दार उघडते आणि सर्वांना आपापली कामे एकदमच उरकू देते.

घरच्या मोबाईलचीही तपासणी करता येते. त्यासाठी वडील माणसांच्या अनुमतीने 'सेटिंग्ज'मधील 'बॅटरी' हे पान उघडावे व कोणते ॲप किती वीज घेते ते पाहावे. तीन रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर बॅटरीचा आकडा वहीत टिपावा. नंतर ज्या ॲपचा पडद्याआडचा खर्च फार दिसतो, त्या एकाचेच पडद्याआडचे काम बंद करून पुढील तीन रात्री तशीच नोंद ठेवावी. एकाच वेळी चार ॲप अडवली, तर खरा दोषी कोण हे कळणार नाही. मोबाईलची जागाही बदलू नये. डोंगराळ भागात मनोरा दूर असला, तर संपर्क राखण्यासाठी मोबाईलला अधिक वीज लागते; तो खर्च एखाद्या ॲपच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. काही जण सर्वच ॲप वारंवार झटकून बंद करतात. त्याचा लाभ थोडा. कारण तीच ॲप पुन्हा पहिल्यापासून सुरू करताना अधिक वीज खर्च होते.

बॅटरी जितक्या वेळा रिकामी करून भरावी, तितकी ती क्षीण होत जाते. शिवाय आजारी माणसासाठी डॉक्टरांना बोलवायचे असते, किंवा परक्या गावी वाट चुकलेली असते, अशा वेळी शिल्लक राहिलेली थोडीशी वीजही मोलाची ठरते. ती कोठे जाते हे संशयाने कळत नाही. त्यासाठी धीराने नोंद ठेवावी लागते, आणि नोंद हाती आल्यावरच कोणाला दोष द्यावयाचा ते ठरवावे लागते.

स्वाध्याय

१. पडद्याआडचे प्रत्येक काम उधळपट्टी का नव्हे?
२. दहा निरोप एकाच फेरीत पाठवणे स्वस्त का पडते?
३. २०१५ मध्ये उघडकीस आलेले दोन दोष तुमच्या शब्दांत सांगा.
४. तपासणी करताना एका वेळी एकच ॲप का अडवावे?
५. वाक्यांत उपयोग करा : बुचकळ्यात पडणे, माथी मारणे, हात रिकामा करणे.