मोदक फुटतात, मुलगा हिरमुसतो

प्रश्न : माझ्या आठ वर्षांच्या मुलाला गणपतीत मोदक वळायचे असतात. पण त्याचे मोदक हमखास फुटतात आणि तो रुसून उठतो. काय करावे?

उत्तर : दोष बहुधा मुलाच्या हाताचा नसून उकडीचा आहे. पिठी आंबेमोहोरसारख्या चिकट तांदळाची, ताजी घ्या. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. पाण्याला उकळी आली की पिठी घालून ढवळा, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणा. मग पाण्याचा हात लावत गरम असतानाच भरपूर मळा. खरी मेख इथेच आहे. कमी मळलेली उकड चिरतेच. (चटके मोठ्यांनी सोसायचे!) गोळा ओल्या फडक्याखाली ठेवा. सारणही ओलसर नको.

मुलाला पहिल्याच दिवशी एकवीस कळ्या पाडायला लावू नका. आधी करंजीसारखी घडी घालू द्या, कळ्या पुढच्या वर्षी. उरलेल्या उकडीत मिरची, जिरे, मीठ मळून त्याच्याकडून निवगऱ्या थापून घ्या. त्या फुटण्याचा प्रश्नच नाही. मोदकपात्राची वाफ मात्र तुम्हीच सांभाळा. आणि त्याचा फुटका मोदकही नैवेद्याच्या ताटात ठेवा, बाप्पाची काही तक्रार नसते.